विहिरीकडे सरकणारी जागा

अंजनगाव सुर्जीच्या बाहेर गंगूबाईचा दीड एकराचा फुलांचा मळा, मधोमध विहीर आणि विहिरीपलीकडे पूर्वेला घर. सहा वर्षांपूर्वी पश्चिमेच्या बांधाशी झेंडूचा एक वाफा पिवळा पडला आणि आठ दिवसांत वाळला. रोग म्हणून फवारणी केली. पुढच्या साली वाळलेली जागा दहा पावलं आत आली. त्याच्या पुढच्या साली आणखी थोडी. शेवंती लावून पाहिली, वांगी लावून पाहिली. काहीच धरलं नाही. जागा सरळ विहिरीकडे निघाली होती, कोणी माणसानं थोडं थोडं जवळ येऊन उभं राहावं तशी.

पहिला वाफा वाळला त्याच साली गंगूबाईच्या मुलाचं, देवानंदचं लग्न झालं होतं. सून जमुना हिवरखेडची. तिसऱ्या वर्षी ती म्हणू लागली, विहिरीच्या पाण्याला वास येतो. घरात दुसऱ्या कोणालाच येत नव्हता. जमुना त्या पाण्यात वरण शिजवीना, रस्त्यापलीकडच्या हापशीवरून घागर आणायची.

"हे हिच्याच पायानं आलं," गंगूबाई देवानंदला म्हणाली, "आन वासबी हिलेच येते. हिच्या अंगात काईतरी हाय."

देवऋषी आणला. त्यानं जमुनेला भर दुपारी वाळलेल्या जागेत उभं केलं, भोवती लिंबं कापली, केस धरून विचारलं, "बोल, कोन हायेस तू?"

"मी जमुना."

तीनदा विचारलं, तीनदा तिनं तेच सांगितलं. चौथ्या दिवशी ती माहेरी निघून गेली. देवानंद तिला अडवायला फाटकापर्यंतही गेला नाही.

मागच्या उन्हाळ्यात विहिरीतले मासे मरून वर आले. तेव्हा देवानंदनं तहसीलीत अर्ज दिला, आणि अमरावतीहून माती-पाणी तपासणारी वर्षाली दोन मजूर आणि एक लांब गिरमिट घेऊन आली.

गिरमिटानं सहा हात खोलवरची माती वर आली, तरी काळ्या मातीत काळं काही वेगळं दिसेना. वर्षालीनं नुसता वास घेतला. मग काचेच्या बरणीत मूठभर माती टाकून पाणी ओतलं, हलवलं, आणि बरणी उन्हात ठेवली. थोड्या वेळानं पाण्यावर मोरपिशी साय धरली.

"आजी, बांधापलीकडे काय होतं?"

"ट्रकायचं गॅरेज होतं. बंद हून पंधरा वर्सं झाले."

आता तिथे नुसत्या बाभळी होत्या आणि पत्रे उडालेली शेड. गॅरेजमधला जुना मिस्त्री खुशालराव गावातच राहायचा. देवानंदनं त्याला मोटरसायकलवर आणलं. म्हातारा न अडखळता बाभळीत शिरला आणि एका जागी थांबून पायानं माती उकरू लागला. खाली गंजलेलं झाकण होतं.

"जळकं ऑइल ह्याच्यात जाये. मालक गॅरेज सोडून गेला तवा टाकी भरेल होती. कोनी उपसली नाई."

"काका, इतकी वर्षं तुम्ही बोलला नाहीत?" वर्षालीनं विचारलं.

"कोनी इचारलंच नाई." खुशालराव देवानंदकडे न पाहता म्हणाला, "तुह्या बायकोभवती लिंबं कापले, तवा मी रस्त्यावरच उभा होतो."

झाकण काढलं. आतून ऊबदार, जड वास आला. तळ गंजून गेला होता. वर्षालीनं समजावलं, उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात, तेल त्यांतून खाली उतरतं, पाऊस लागला की पाण्याबरोबर पुढे जातं. गंगूबाई ऐकत होती. ऐकता ऐकता तिनं वर्षालीची बरणी हातात घेतली.

दुसऱ्या दिवशी ती बरणी पदराखाली धरून एकटीच एसटीनं हिवरखेडला गेली. जमुना भावाच्या शेतात मेथी खुडत होती. गंगूबाईनं बरणी तिच्यापुढे धरली. जमुनेनं ती हातात घेतली नाही.

"आत्याबाई, हे मले काहून दाखवून राहिल्या?"

"तू खरी होती, पोरी."

"मी तवाबी खरीच होती. तुमाले मात्र बरनी पाह्यजे होती."

"चाल घरी. देवानंद बी वाट पाहून राहिला."

जमुनेनं सासूला सावलीत बसवलं, पाणी दिलं, भाकर दिली. संध्याकाळच्या गाडीला सोडायला फाट्यापर्यंत आली. गाडी हलली तेव्हा ती पाठ फिरवून चालू लागली होती.

टाकी निघाली. गॅरेजच्या जागेतली माती ट्रक भरून गेली. विहिरीवर जाळी बसली आणि तिचं पाणी बंद झालं. दिवाळीनंतर वर्षाली पुन्हा आली, या वेळी तिनं विहिरीच्या अलीकडे, घराच्या बाजूला गिरमिट लावलं. बरणीतल्या पाण्यावर साय आली.

"म्हनजे थे आधीच इथवर आलं होतं?" गंगूबाईनं विचारलं.

"हो, आजी."

"आजून थे कितीक पुढं जाईन?"

"सांगता येत नाही."

देवानंदनं गावात खोली पाहिली. सामान टेम्पोत चढलं. गंगूबाई मात्र ओसरीतून उठेना.

"माय, चाल ना आता. इथी काय राह्यलं?"

"तू जाय," ती समोरच्या उघड्या जमिनीकडे पाहत म्हणाली. "थे घरापरेंत येईन तवा त्याले वळखनारं कोनी पाह्यजे."