माझी तेविसावी सोडचिठ्ठी

कोणी विश्वास ठेवणार नाही, पण धरणगाव तालुक्यात मी नवरा-बायकोच्या बावीस जोड्या वेगळ्या केल्या आणि एकालाही कोर्टाची पायरी चढू दिली नाही. शंभराचा स्टॅम्पपेपर, पाच पंच आणि माझा शाईचा पेन. चहाच्या दुसऱ्या फेरीला दोन्ही घरं मोकळी. अक्षर असं, की एका जोडप्याने आपली सोडचिठ्ठी वाचली आणि मोडायचंच रद्द केलं. कागदाला फ्रेम करून भिंतीवर लावला म्हणे.

तेविसावी माझ्या पोराची होती.

प्रेमराज आणि मोहिनीचं पटेना. भांडणही करत नव्हते, तेच वाईट. घरात दोन माणसं आणि आवाज फक्त मिक्सरचा. शेवटी मोहिनी चार वर्षांच्या हेमांगीला घेऊन शिंदखेड्याला माहेरी गेली, नरडाण्याच्या एका कंपनीत कामाला लागली. मग पंच बसले. लिहिलं मीच. 'आजपासून एकमेकांशी संबंध नाही. मोहिनी स्वतःसाठी वा मुलीसाठी पोटगी मागणार नाही. मुलगी सात वर्षांची झाली की बापाकडे.' सही करताना सुनेने मान वर केली नाही. माझं लक्ष वेलांट्यांकडे होतं.

तीन वर्षांनी मी नातीला आणायला गेलो, तर मोहिनी दारातूनच म्हणाली, "आबा, आता कोर्टात बोला."

म्हणून धुळ्याच्या वकीलबाई ज्योत्स्नाताई गाठल्या. त्यांनी कागद पाठपोट वाचला.

"अक्षर सुरेख आहे, आबा."

"सगळेच म्हणतात."

"पण हा घटस्फोट नाही. दोघं अजून नवरा-बायको आहेत. प्रेमराजचं दुसरं लग्न लावलंत तर गुन्हा होईल."

एरंडोलची मुलगी आम्ही बघून आलो होतो. तिथले पोहे मला परत आठवले.

"आमच्यात रिवाज आहे, ताई."

"तो कोर्टात सिद्ध करावा लागतो. साक्षीला कोण येईल?"

"मी."

"तुम्ही तर लिहिणारे." त्यांनी चष्मा काढला. "आणि पोटगी मुलीची असते. ती आईलाच सोडून देता येत नाही, तर तुम्ही काय लिहून घेताय? ताब्याचंही तसंच. मुलीचं भलं कुठे आहे ते बघतात, सातवा वाढदिवस नाही."

मी पाणी मागितलं. आधीची बावीस घरं डोळ्यांपुढून गेली. त्यातल्या किती जणांनी पुन्हा लग्नं केली, ते आठवायचं मी टाळलं.

पुढे दोन वर्षं तारखा. धुळ्याच्या वाटेवर पारोळ्याला गाडी थांबली की माझा गुडघा माझ्याआधी दुखून उठायचा. शेवटी थकून दोघांनी संमतीचा अर्ज केला. हेमांगी आईकडे राहणार, प्रेमराज तिची पोटगी देणार, पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी ती आमच्याकडे, उन्हाळ्याची अर्धी सुट्टीही आमची. रविवार तेव्हापासूनच सुरू झाले. मन बदललं तर म्हणून कोर्टाने सहा महिने थांबवलं होतं. ते आज संपले. कोणाचं मन बदललं नाही.

दोघं कोर्टात आत गेले. बाहेरच्या बाकावर मी आणि नऊ वर्षांची हेमांगी. जरा वेळाने प्रेमराज बाहेर आला.

"आबा, पेन द्या. माझा उमटत नाही."

मी खिशातून काढून दिला. तो माझ्याकडे न बघता आत गेला. दार लागलं.

"आबा, आत काय चाललंय?" हेमांगीने विचारलं.

आता हिला काय सांगायचं? मी जन्मभर जे केलं तेच केलं.

"ऐक. जज मॅडमनी माझा जुना कागद उघडला, तर त्यातली अक्षरं उठून पळाली. 'नवरा' जाऊन बसला खिडकीत, 'बायको' चढली पंख्यावर. शिपाई शिडी घेऊन मागे लागलाय."

"मग?"

"मग काय, मॅडम म्हणाल्या, हा घटस्फोट झालाच नाही. तुझे आई-बाप अजून नवरा-बायको. ज्योत्स्नाताईंना विचार."

एवढं तरी वकीलबाई खरंच म्हणाल्या होत्या, म्हणून माझ्या आवाजात जोर आला. पोरगी जवळ सरकली.

"म्हणजे आई आज आपल्या गाडीने धरणगावला येणार?"

इथे थांबायला हवं होतं. पण ती अशी बघत होती, की माझी जीभ पुढे निघाली.

"येणारच. सहीच होत नाही तर काय करतील? आज अख्ख्या धुळ्यात एक पेन उमटत नाही. शिपायाने दुकानं पालथी घातली. आता तापीवर माणूस धाडलाय, शाई आणायला."

हेमांगी हसली नाही. तिने माझ्या सदऱ्याच्या खिशाकडे बघितलं. तिथे शाईचा जुना डाग होता, बाकी काही नव्हतं. मग ती माझ्याच बोलीत, रविवारी रविवारी शिकलेल्या, हळू म्हणाली,

"आबा, बठ्ठं खोटं शे, सगळंच. मघाशी पप्पा तुमचाच पेन घेऊन गेले."