बोली न लागलेली पाटी

अलोऱ्याच्या कॉलनीतल्या शाळेत सरकारी योजनेतून दोन संगणक आले, तेव्हा त्यांच्यावरचं प्लॅस्टिक काढायचा मान गोदाला मिळाला होता. पहिली ते नववी तिनं पहिला नंबर सोडला नव्हता. तिचे वडील महिपत पोफळीच्या वीजघरात वायरमन. पोरगी कम्प्युटरवाली होणार, हे त्यांनी पाळीवरच्या सगळ्यांना केव्हाच सांगून टाकलं होतं.

मग हर्ण्याहून लवू आला. कॉलनीत मामाकडे राहायचा, इंग्रजीत जेमतेम काठावर पास व्हायचा. आणि या बाबानं सहा महिन्यांत संगणकावर चक्क हर्ण्याच्या बंदरावरचा लिलाव उभा केला! होड्या डुलत यायच्या, वाळूवर मासळीच्या पाट्या उतरायच्या, भाव पुकारला जायचा. पहिली बोली आपण बटण दाबून लावायची आणि मग दुसऱ्यांच्या वर चढवत न्यायची. फार चढवली तर बुडालात, कचरलात तर दुसऱ्यानं सुरमई नेली. मधल्या सुट्टीत पोरं त्या खेळासाठी डबे टाकून रांगा लावत. गोदानं महिनाभर खपून पाढ्यांचा खेळ केला होता, एकही चूक नसलेला. तो एकदा खेळलेला मुलगा परत फिरकला नाही.

गोदाचा जळफळाट व्हायचा. लवू हसला तरी तिला राग यायचा, आणि तो सरळ मनानं "गोदे, तुजी आकडेमोड लय भारी गो," म्हणाला की जास्तच यायचा.

फेब्रुवारीत रावजी सरांनी बातमी आणली. रत्नागिरीला जिल्ह्याचं प्रदर्शन होतं. ज्याचा खेळ परीक्षकांना पसंत पडेल, त्या एकाला मे महिन्यात मुंबईच्या एका कंपनीत खेळ रचायला शिकायला मिळणार होतं. जिल्ह्यातून एकच जागा. गोदाला ती जागा हवी होती, इतकी की तिला जेवण जाईना.

प्रदर्शनाआधीच्या सोमवारी लवूनं तिला खेळ तपासायला बसवलं. दुसरं कोण नीट तपासणार? गोदाच्या घरात सोमवारी मासळीला हात लावत नसत. पडद्यावर पापलेटची पाटी उतरली आणि सवयीनं तिचा हात मांडीवरच राहिला. बोली लागलीच नाही. आणि खेळ गोठला. होडी लाटेवर अडकली, एकही बटण चालेना. लवू तेव्हा खडू आणायला गेला होता. गोदानं झटकन ओळी उघडून पाहिल्या. सगळ्यांत मोठी बोली कोणाची, ते संगणक शोधत बसायचा. कोणीच बोललं नसेल तर त्याचं शोधणं जन्मात संपलं नसतं. हर्ण्याच्या पोराला बोली न लागलेली पाटी सुचणार कुठून! त्यानं तशी कधी पाहिलीच नव्हती.

"कसा वाटला गो?" लवूनं दारातूनच विचारलं.

"बरा आहे," गोदा म्हणाली, आणि मशीन बंद केलं.

रत्नागिरीत परीक्षक लवूच्या खेळावर खूश झाले. तीन पाट्या त्यांनी हरखून घेतल्या. चौथीला हात मागे घेतला. "नाहीच घेतली तर काय होतं, बघू या."

होडी अडकली.

लवूचा चेहरा उतरला. "आसं व्हत नाय सर. बंदरावर माल कुणी सोडीतच नाय."

गोदाला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पुढचा नंबर तिचाच होता. नुसतं गप्प बसायचं होतं. पण परीक्षक लवूच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "खेळ फार सुंदर रचलायस रे. चूक मात्र अवघड दिसते, इथे कोणाला सापडायची नाही."

चूक करूनही कौतुक याचंच! गोदाच्या अंगाची लाही झाली.

"चारशे तिसावी ओळ," ती ताडकन बोलली. "बोली शून्य असेल तर बाहेर पड, एवढंच घालायचंय."

लवूनं ओळ घातली. होडी सुटली. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं तिथल्या तिथे आणखी चार ओळी ठोकल्या. न विकलेली पाटी आता वाळवणीवर जायची, आणि पावसाळ्यात सुकं म्हणून दुप्पट भाव आणायची. परीक्षक खुर्चीतून उठलेच. गोदाचे पाढे त्यांनी पाहिले, "छान" म्हणाले, आणि कागदावर लवूचं नाव लिहिलं.

बाहेर व्हरांड्यात लवूनं हळूच विचारलं, "कधीपासून म्हायत व्हतं गो तुला?"

"सोमवारपासून."

सोमवारीच त्यानं तिला खेळ तपासायला बसवलं होतं. तेवढ्यात रावजी सर आले आणि त्यांनी सगळ्या पोरांसमोर गोदाची पाठ थोपटली. "स्वतःची जागा गेली तरी चालेल म्हणून हिनं मित्राची चूक सुधारली. शिका काहीतरी!"

पोरांनी टाळ्या वाजवल्या. आता हा सगळं सांगणार, म्हणून गोदानं डोळे मिटून घेतले. सांगून टाक, एकदाचं सांगून टाक, असंच तिला वाटत होतं.

"व्हय सर," लवू म्हणाला. "गोदा नसती तर माजा काय खरा नव्हता."

गोदानं डोळे उघडले. जागा त्याला मिळाली होती, टाळ्या तिला मिळाल्या होत्या, आणि हा मोठेपणाही त्यानंच नेला होता. तिला त्याचा इतका हेवा आयुष्यात कधी वाटला नव्हता.