मिटलेली वाट

चार वर्षांपूर्वी दवाखान्यात कान तपासल्यावर कागदावरची एक उतरती रेघ पाहून दादांनी पियानो जुळवण्याचं काम सोडलं. वरच्या पट्टीतलं ऐकू येत नाही, असं ती रेघ सांगत होती. आणि ज्याचा कान गेला त्यानं तारांना हात लावू नये, हा त्यांचाच दंडक. कार्यशाळा धाकट्या भावाच्या हाती सोपवून ते पियानोंचं लाकूड पुसण्यात समाधान मानत राहिले.

आज श्रवणयंत्रासाठी ते पुन्हा त्याच दवाखान्यात आले होते. "यंत्र दुकानातून आणू की. परत तपासणीचं खूळ कशाला, दादा?" असं धाकटा वाटेत दोनदा म्हणाला होता. आता तो बाहेर बाकावर बसला होता.

आत, कापडानं मढवलेल्या खोलीत, नव्या तपासनीस बाईंनी दादांचा कान बोटानं हलकेच दाबून पाहिला.

"काका, हेडफोनची गादी वर बसली की तुमच्या कानाची वाट आतून मिटते. दार लावून घ्यायचं आणि पाहुणे आलेच नाहीत म्हणायचं, तशातली गत!"

हेडफोन बाजूला ठेवून त्यांनी कानांत मऊ नळ्या बसवल्या. मग बारीक, दूरचे सूर एकेक करून येऊ लागले. विसरलेल्या माणसांनी हळूच हाक मारावी तसे. दादा प्रत्येक हाकेला, ऐकू आल्याची खूण म्हणून, हातातलं बटण दाबत राहिले.

"अहो, बटण मोडाल! कान ठणठणीत आहे तुमचा." बाईंनी संगणकावर जुनी नोंद उघडली आणि त्या थबकल्या. "पण हे तर तेव्हाच लिहिलंय. 'कानाची वाट दबते. ही रेघ खरी मानू नये, नळ्या लावून पुन्हा तपासावे. रुग्णाच्या भावाला समजावून सांगितले.'"

दादा बाहेर आले.

"तुला ठाऊक होतं?"

धाकट्यानं मान वर केली नाही. "सांगणार होतो, दादा. पण तू असताना मला कोण विचारायचं? लोक दारातूनच म्हणायचे, मोठ्याला पाठव."

परक्यानं सुरी चालवली असती तर ओरडता तरी आलं असतं. हा गळा केसानं कापला होता.

"तू जुळवलेल्या प्रत्येक पियानोत एक तार किंचित उतरलेली असते," दादा हळू आवाजात म्हणाले. "चार वर्षं मी माझ्याच कानाला दोष देत गप्प बसलो."

धाकटा दचकला. लहानपणापासूनच्या सवयीनं त्याच्या तोंडून निघून गेलं, "कुठली?"

आजवर प्रत्येक तार दादांनीच त्याचं बोट धरून दाखवली होती. या वेळी ते जिना उतरू लागले.