पाठीतले काटे

मंगळवार. सकाळचे नऊ. आमच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती.

ओट्यावर बाया, तुळशीपाशी बाया, दोन पोट्ट्या तर न्हाणीच्या भिंतीवर चढून बसलेल्या. दारासमोर वाशीमकडच्या मालेगावहून आलेले तीन ऑटो. मधोमध माझी मावशी विमलबाई पाय लांब करून बसलेली, अन् तिच्या पायांवर पालथी माझी भाची. माझ्या बहिणीची, वर्षाराणीची पोरगी. नऊ दिवसांची. अजून नावही ठेवलं नव्हतं.

मी समोर उभा. मोबाइल धरून. रेकॉर्डिंग चालू.

मावशीनं आधी पोरीच्या पाठीवर काजळाची ही मोठी तीट लावली. "एवढ्या बायांच्या नजरा हायेत बापा," म्हणाली. मग कणकेचा गोळा वर धरला.

"हाय का यात काही? माणिकराव, तुमी पाहा. सरपंच व्हते, खोटं नाही बोलनार."

माणिकरावांनी गोळा दाबला, वास घेतला, घामेजल्या टकलावरून हात फिरवला. "साफ हाय वो. गव्हाची कणीक."

गोळा तेलात बुडाला अन् पोरीच्या पाठीवर फिरायला लागला. वर, खाली, गोल गोल. तोंड चालूच.

"काट्या काट्या, निंघ बाहेर! मायच्या दुधात आला, लेकराच्या पाठीत शिरला. विमलच्या हाती ये, रानच्या वाटेनं जाय!"

पोरगी किंचाळत होती.

"रडू द्या. काटा सुटून राह्यला तिचा."

मग तिनं गोळा परातीत ठेवला, वरून ओलं फडकं टाकलं. का, तर गरम काट्याला हवा लागली की तो परत आत पळतो. पाच फुंकरा. फडक्याखाली हात. गोळा बाहेर. मधोमध फोडला.

काटे. काळे, ताठ, नखाएवढे. पंधरा-वीस तरी असतील.

"बापा बापा बापा!"

"एवढुशा जिवात एवढे?"

"म्हनून रडे थे पोट्टी, दिवस कलला का!"

वर्षा दाराची चौकट धरून उभी होती. मावशी तिच्याकडे वळली. आवाज एकदम मऊ. "वर्षे, तुह्या दुधातून उतरले हे. सात दिवस अंगावर पाजजो नको. साखरपानी दे, घुटी दे. पाजशीन तं पुन्हा भरतीन."

"माह्या दुधातून?" वर्षा एवढंच म्हणाली.

मी तिच्या चेहऱ्यावर झूम केलं. हे मी केलं. लिहून टाकतो, म्हणजे नंतर नाकारता येणार नाही.

आता मावशीबद्दल.

मी आठ वर्षांचा अन् वर्षा पाचची असताना आमची आई गेली. मावशी पंधरा दिवसांसाठी आली ती राहिलीच. मला तापात मांडीवर घेऊन बसली ती हीच. गावातली अर्धी लेकरं तिच्या हातानं न्हाली. बाळंतिणीचं अंग चोळावं तर विमलबाईनं, असं लोक म्हणायचे. मग बायका बाळंतपणाला वाशीमला जायला लागल्या, गावात सरकारी आशाताई आली, अन् मावशीला बोलावणं कमी झालं.

चार महिन्यांपूर्वी अचानक तिला काटे सापडले. पहिल्यांदा शेजारच्या सिताराभाभीच्या मुलाच्या पाठीत. मी त्याचा रील टाकला. सत्तर हजार लोकांनी पाहिला. मग दर मंगळवारी ऑटो. पोहरादेवीकडूनसुद्धा माणसं यायला लागली.

माझं मालेगावला स्टँडजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. दहावीनंतर शाळा सुटली, काम व्हिडिओ पाहून शिकलो. एक जण मोबाइलला ताईत बांधून आणायचा, त्याची मी आठवडाभर टिंगल केली होती. दुसऱ्या कोणत्या बाबानं पाठीतून काटे काढले असते तर मी तिथंच त्याचा हात धरला असता.

पण ही मावशी होती. मावशीचा हात कोण धरतो?

तीन दिवसांत पोरगी शांत झाली. संध्याकाळचं रडणं बंद. नुसती झोपून. घरात सगळे खूश. आमचे बाबा म्हणाले, "पाह्य, काटे गेले अन् लेकरू कसं निवांत झोपून राह्यलं." मी तोही व्हिडिओ काढला.

रविवारी आशाताई आली. वैजयंतीताई. चौदाव्या दिवसाची भेट होती तिची. तिनं पोरीला वजनाच्या झोळीत ठेवलं. आकडा पाहिला. झोळी नीट केली, पुन्हा पाहिला.

"वर्षा, सातव्या दिवशी पावणेतीन किलो व्हती. आता दोन किलो तीनशे हाय. काय पाजून राह्यली हिले?"

वर्षानं मावशीकडे पाहिलं.

"लघवी किती वेळा करते?"

"सकाळपासून नाई केली."

वैजयंतीताईनं पोरीच्या तळपायावर टिचकी मारली. पोरीनं डोळे अर्धे उघडले, परत मिटले.

"शांत झाली ना माही बाई," मावशी मागून म्हणाली.

"शांत नाई झाली, मावशी. रडाले ताकदच नाई राह्यली तिच्यात." ताई माझ्याकडे वळली. "राजू, ऑटो आन. आत्ता. वाशीमले जाऊ."

"दोन दिवस थांबा. एखादा काटा आत राह्यला असंन—"

"मावशी, बाजूले व्हा!"

ऑटोत वर्षानं माझा हात घट्ट धरला. म्हणाली, "राजूदादा, मी न्हानीत जाऊन दिवसातून एकदा चोरून पाजत व्हती. मले राहवलंच नाई. त्यानंच वाढले का रे काटे?"

पोरगी वाचली ती त्या चोरीमुळं. पण तेव्हा माझ्या बहिणीला वाटत होतं की आपण पोरीला विष पाजलं.

दवाखान्यात पोरीला लगेच आत घेतलं. डॉक्टरबाई तरुण होत्या, बोलायला सरळ. "बाळाच्या पाठीत काटे नसतात. जन्मताना अंगावर बारीक लव असते, काही दिवसांनी आपोआप गळते. संध्याकाळी कुरकुर जवळपास सगळीच बाळं करतात. हिला कसलीही बाधा नाही. उपाशी आहे ही. साखरेच्या पाण्यानं पोट भरल्यासारखं दिसतं, पण बाळाला मिळत काहीच नाही."

"पन ते काटे आम्ही डोळ्यांनी पाह्यले," मी म्हटलं.

"मग ते कुठून आले ते शोधा. बाळाच्या पाठीतून तर नक्की नाही आले."

सोमवारी दुकान उघडलं. त्या मंगळवारचे काटे माझ्याकडे होते. रीलच्या फोटोसाठी पुडीत बांधून ठेवलेले. एक काढला, भिंगाखाली धरला, ज्याखाली मी मोबाइलचे बोर्ड पाहतो.

लव असो का केस, टोकाला निमुळता होतो. हा दोन्ही बाजूंनी सपाट कापलेला.

सोल्डरिंगची कांडी गरम केली. आधी माझ्या डोक्यातला एक केस टेकवला. जळका वास, राख. मग काटा टेकवला. तो वितळला. टोकाला चमकदार गोळी झाली.

प्लास्टिक.

मी खाली ड्रॉवरमध्ये पाहिलं. बोर्ड साफ करायचे माझे काळे ब्रश. सहाचं पाकीट आणलं होतं, दोनच उरले होते. बाकीचे? मावशी म्हणायची, "राजू, तुह्या त्या बारक्या कुच्या दे ना, शिलाई मशीन साफ करतो." एकदा नाही, चारदा मागितले होते. चारही वेळा मी स्वतः नेऊन दिले होते.

माझ्याच दुकानातले काटे. माझ्याच भाचीच्या पाठीतून.

मग व्हिडिओ लावला. हळू केला. चोळताना पाठीवरचं काजळ गोळ्याला लागतं, गोळ्यावर काळा फराटा उमटतो. तोच गोळा फडक्याखाली जातो. फडक्याखालून बाहेर येतो तो पांढराशुभ्र. दुसराच गोळा. दृष्ट लागू नये म्हणून तिनं स्वतःच लावलेल्या काजळानं तिला पकडून दिलं.

सत्तर हजार लोकांना असलंच दाखवलं मी. एकदाही नीट पाहिलं नाही.

तेव्हा पोरगी वाशीमला होती, हाताला सुई. मला वाटलं, निदान या मंगळवारी मावशी बसणार नाही.

बसली. अंगण भरलेलं. मानोरा गावाकडची एक कोवळी बाई अकरा दिवसांचं बाळ घेऊन आलेली. मावशी तिला सांगत होती, "आमच्या नातीले बाहेरची नजर लागली म्हनून दवाखान्यात न्यावं लागलं. तुह्यं असं नाई होनार."

माझं डोकं सरकलं. पण मी ओरडलो नाही. आत गेलो, कणीक मळली, हवं ते केलं, परात घेऊन बाहेर आलो.

"मावशी, आज मी काढतो काटे."

बाया हसल्या. "अरे वा! भाच्याच्या हातीबी आलं काय?"

"लेकराचे नाई. माणिकरावांचे. त्यांचंबी डोकं रातभर ठनकते म्हने."

माणिकराव खूश होऊन पाटावर बसले, टोपी काढली. "काढ बापा. आपल्याले काय, फायदाच."

मी गोळा दाखवला, तेलात बुडवला अन् त्यांच्या टकलावर फिरवायला लागलो. मावशीच्याच चालीवर. "काट्या काट्या, निंघ बाहेर! सरपंचकीत शिरला, टकलात अडकला!" अंगण खदखदलं. परात, ओलं फडकं, पाच फुंकरा. गोळा काढला, फोडला.

काळे, ताठ, नखाएवढे. पंधरा-वीस.

हसणं थांबलं.

"सरपंच," मागून एक म्हातारी म्हणाली, "तुमाले पाजलं कोनं वो?"

परत हशा. माणिकराव टकलावरून हात फिरवत राहिले. "पन माह्या डोक्यावर तं वीस वर्षांपासून एक केस नाई."

मी फडकं उचललं. खाली पहिला गोळा, तेलकट, त्यांच्या घामानं मळलेला. शेजारी माझा ब्रश, निम्मा कापलेला. काटे काडीपेटीवर धरून वितळवून दाखवले. मग मोबाइल हातोहात फिरवला. काळा फराटा असलेला गोळा, पांढरा गोळा. बाया परत परत मागे नेऊन पाहत होत्या.

मानोऱ्याच्या बाईनं बाळ पदराखाली घेतलं अन् तिथंच, भिंतीकडं तोंड करून पाजायला बसली.

मग सिताराभाभी बोलली. आवाज चढवला नाही. "विमलबाई, माह्या पोराले तुमी सात दिवस साखरपानी पाजाले लावलं. थो अजून बाकीच्या लेकरांपेक्षा बारीक हाय. मी माह्याच दुधाले शिव्या देल्या. मी तुमाले काय म्हनू आता?"

मावशी परातीकडे पाहत राहिली.

अंगण रिकामं झाल्यावर आम्ही दोघंच उरलो. मी विचारलं, "काहून केलं?"

"तीस वर्षं लेकरं न्हाऊ घातली मी. मंग कोनी दारात उभं करे ना. काटे निंघाले अन् बाया पाया पडाले लागल्या." तिनं परातीतला कापलेला ब्रश बाजूला सारला. "कोनाचं वाईट व्हावं असं नव्हतं रे मनात."

"अन् दूध कायले बंद केलं?"

"पथ्य नाई सांगतलं तं कोन खरं मानते?"

"वर्षाच्या पोरीले तरी सोडाचं होतं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत लाज नव्हती, हे मला अजून टोचतं. तिला ते खरंच साधं वाटत होतं.

"गावच्या पोरांचे काढले अन् घरच्या पोरीचे नाई काढले, तं लोक काय म्हनले असते?"

मी परात उचलून आत नेली.

पोरगी आठ दिवस दवाखान्यात होती. वर्षाचं दूध आटलं होतं. तिथल्या सिस्टरनं दर दोन तासांनी पोरीला अंगावर लावलं. वर्षाला म्हणायची, "दुधात काही नसतं बाई. जितकं पाजशील तितकं येतं. तू पोटभर जेव, पाणी पी, बाळ झोपलं की तू पण झोप." सहाव्या दिवशी पोरीचं वजन वाढलं. वर्षानं मला फोन केला अन् नुसती रडली.

मी काट्यांचा तो रील काढून टाकला. पण लोकांनी उतरवून घेतलेला. कालच एकानं मलाच पाठवला, खाली लिहिलेलं, नक्की करून पाहा. म्हणून हे लिहितोय. त्याच्याखाली हेही पाठवा.

बाळाच्या पाठीत काटे नसतात. आईच्या दुधात काटे नसतात. पहिले सहा महिने आईचं दूधच, साखरपाणी नाही, मध नाही, घुटी नाही. बाळ रडलं तर आधी भूक पाहा, ओलं झालं का पाहा, कडेवर घ्या. रडणारं बाळ अचानक गप्प झालं, प्यायला उठेना, लघवी होईना, तर खूश होऊ नका, दवाखान्यात पळा. अन् कोणी चमत्कार दाखवला तर एवढंच करा. त्याचा गोळा नको, आपल्या घरची कणीक द्या. फडकं काढायला सांगा. बाळ दुसऱ्याचं असलं तरी सांगा. माणूस आपला असला तर आधी सांगा. परक्यावर आपण तसाही संशय घेतो.

मावशी घरातच आहे. जाणार कुठं? मी दुकानातून आलो की विचारते, "राजू, जेवला का?" मी "हो" म्हणतो. जेवलेलो नसलो तरी. सकाळी ती तेल कोमट करून वाटी घेऊन खोलीच्या दाराशी येते. वर्षा वाटी घेते अन् दार लोटते. तेल वैजयंतीताईला दाखवून मग लावते.

आता दिवस कलला. आतून पोरगी रडायला लागली आहे. चांगली खणखणीत, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशी. बाबा दचकून उठले.

वर्षा आतून ओरडली, "काई नाई बाबा, भूक लागली तिले!"