संगमरवराचे दात आंबले

श्यामकाकांनी ठाण्याचं घर बदललं, नव्या जागेत मावेना म्हणून त्यांचं संगमरवरी टेबल टेम्पोत बसून रत्नागिरीला आलं. पांढरंशुभ्र, सहा माणसांचं, आणि इतकं चकचकीत की ओवीने त्यात वाकून आधी आपल्या भुवया नीट केल्या. चौघांनी "धर, उचल, बोटं सांभाळ" करत ते जेवणघरात ठेवलं. बाबांनी ट्यूब लावली आणि सगळ्यांनी डोळे बारीक केले.

"दवाखान्यात आल्यासारखं वाटतंय," बाबा म्हणाले.

ते खोटं नव्हतं. गुलाबी ऑइलपेंटच्या भिंती, लाल कोबा, स्टीलच्या पेल्यांनी गच्च भरलेलं काचेचं कपाट, आणि या सगळ्यांच्या मधोमध ते टेबल, लग्नाच्या पंगतीत चुकून येऊन बसलेल्या डॉक्टरासारखं! वर पेटलेली अख्खी ट्यूब त्यात खाली दिसत होती आणि थेट डोळ्यांत घुसत होती.

आई आत गेली आणि द्राक्षांच्या चित्रांचं मेणकापड घेऊन आली. "आपल्याकडे रोज आमसूल, रोज सोलकढी. झाकून टाकू बाई."

"आई, नाही हं!" ओवी दोन्ही हात पसरून टेबलावर आडवीच पडली. "संगमरवरावर मेणकापड? मला आठ दिवस दे. मी ही खोली अशी करते ना, की तूच बघत राहशील."

बाबा हसले. हसण्यासारखंच होतं म्हणा. अर्धा विणलेला मफलर, तीन पाकळ्या रंगवलेलं कमळ, एका चाकावर उभी असलेली मातीची बैलगाडी, हे सगळं घरात 'ओवीचं अर्धवट' या नावाने ओळखलं जायचं. पण यंदा नववीच्या स्नेहसंमेलनात तिने नाटकाचं नेपथ्य केलं होतं, एकटीने, शेवटच्या खिळ्यापर्यंत, आणि पहिलं बक्षीस घेतलं होतं. तेव्हापासून तिची मान जरा वरच असायची.

"बरं," आई म्हणाली. ती एकदा बरं म्हणाली की त्याला अट चिकटलेली असतेच. "पुढच्या रविवारी ऋजुताआत्या जेवायला येतेय. जेवणं होईपर्यंत मला मेणकापड घालावंसं वाटलं नाही, तर टेबल इथे. वाटलं, तर टेबल मागच्या पडवीत. फणस सोलायला बरं होईल."

फणस! संगमरवरावर फणसाचा चीक! ओवीच्या अंगावर काटा आला.

सोमवारी तिने कपाट हलवलं. त्यामागची भिंत बाबांनी कधीकाळी गिलावा करायची राहून गेली म्हणून तशीच सोडलेली, तांबडा जांभा चिरा उघडाच. या घरात 'अर्धवट' नेमकं कुणाचं, असं विचारायचं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने भिंत ब्रशने झाडली, घासली, आणि तो लाल दगड असा काही खुलला की कपाट परत तिथे आलंच नाही. मंगळवारी आईच्या जुन्या सुती लुगड्याचा पडदा झाला. बुधवारी ट्यूब निघाली, बल्ब आला आणि माळ्यावरची रोवळी, जिच्यात आई एकेकाळी तांदूळ धुवायची, उलटी होऊन दिव्यावर टांगली गेली. बांबूच्या भोकांतून उजेडाचे ठिपके भिंतभर सांडले.

"शोभतंय गो," आई दारातूनच म्हणाली. मेणकापडाची गुंडाळी मात्र काखेतच होती.

गुरुवारी ओवीला वाटलं, टेबलावर काहीतरी लाल हवं. तिने कोकमाच्या आगळाची बाटली खिडकीसमोर ठेवली. ऊन आरपार गेलं आणि बाटली माणकासारखी पेटली. काय दिसत होतं!

शुक्रवारी सकाळी बाटली उचलली, तर खाली गुलाबी कडं. बाटलीचं बूड ओलं होतं. पुसलं, तर गुलाबी रंग गेला आणि मागे एक निस्तेज गोल उरला. चकाकी गायब! ओवीने पुन्हा पुसून पाहिलं, गोल तसाच. पण तिला उपाय ठाऊक होता. देवाची तांब्याची भांडी आई कशाने लखलखीत करते? चिंचेने. तिने चिंचेचा गोळा घेतला आणि मन लावून घासला. दहा मिनिटांनी त्या बांगडीएवढ्या गोलाचं ताट झालं होतं.

फरशीवाला निलेशदादा शेजारच्याच आळीतला. ओवीने बोलावल्यावर तो आला, खाली वाकला, तिरप्या नजरेने पाहिलं. "काय लावलंस?"

"आधी आगळ. मग चिंच."

निलेशदादा एवढा हसला की त्याला खुर्चीत बसावं लागलं. "अगो, आंबट म्हणजे संगमरवराचा वैरी! दात आंबलेत त्याचे. पॉलिशच खाल्लंय. मशीन माझं राजापूरला साइटवर आहे, मंगळवारी येईल."

"रविवारी आत्या येतेय!"

"मग आत्याचं ताट बरोब्बर तिथे ठेव."

तो हसत राहिला आणि ओवी रडायच्या बेतात टेबलावर हात टेकून उभी राहिली. हात नेमका त्या डागावर होता. हाताला काहीतरी वेगळं लागलं. मऊ. सायीसारखं मऊ. तिने खाली पाहिलं. बाकी सगळं टेबल खिडकीचा उजेड डोळ्यांवर फेकत होतं. फक्त तो डाग शांत होता. त्यातल्या राखाडी रेघासुद्धा पहिल्यांदा नीट दिसत होत्या. इतके दिवस ती ज्याच्याशी भांडत होती ते टेबल नव्हतंच. ती चकाकी होती!

"दादा, सगळंच असं करता येईल?"

निलेशदादाचं हसू थांबलं. "येईल. खरखरीत वॉटर पेपरने, पाणी घालून, हाताने. पण दोन दिवस घासावं लागेल. अर्धवट सोडलंस तर टेबल चट्टेरी होऊन बसेल."

"सोडणार नाही," ओवी म्हणाली.

ती घासत सुटली. शुक्रवारभर पांढरं पाणी कोपरांवरून ओघळलं, बोटांची टोकं सुरकुतली, खांदे भरून आले. बाबा दोनदा डोकावून "अर्धवट?" म्हणून गेले, तिसऱ्यांदा बादली भरून देऊन गेले. शनिवारी सकाळी शेवटचं टोक उरलं आणि हात उचलेना. तेव्हा आई आली, पदर खोचला. "सरक. हात कसा फिरवतेस? रगड्यावर डाळ वाटतात तसा फिरव, गोल." मायलेकी समोरासमोर वाकून घासत राहिल्या. दुपारी निलेशदादाने डाग न मुरू देणारं पाणी वरून लावून दिलं, टेबलावर तळवा फिरवला आणि म्हणाला, "माझ्याकडे कामाला ये."

रविवारी आत्या दारातच थांबली. ठाण्याला हेच टेबल पाहिलेली बाई! "हे श्यामचं? छे! तिथे जेवताना दिवा डोळ्यांत जायचा. हे तर इथेच जन्मल्यासारखं दिसतंय." लाल भिंतीपुढे दुधाळ पांढरं टेबल, पोफळीच्या झावळीच्या बुडाशी असते त्या जाड विरीतून ओवीने कापलेल्या चकत्यांवर सोलकढीचे पेले, वर रोवळीचे ठिपके. आत्याला पाहू किती आणि बोलू किती असं झालं. बोलता बोलता तिने हात असा उडवला की तिचा पेला सरळ आडवा. गुलाबी सोलकढी टेबलभर पसरली.

ओवीने आईकडे पाहिलं.

आई शांतपणे उठली. ओलं फडकं घेतलं, एकदा पुसलं, दुसऱ्यांदा पुसलं. खाली वाकून निलेशदादासारखं तिरपं पाहिलं. डाग नव्हता. असलाच, तरी त्या मऊ पांढऱ्यात कुणाला सापडला असता? मग ती सरळ झाली.

"ओवी, ते मेणकापड आण गो."

ओवीने हातातला घास परत ताटात ठेवला. "पण आई..."

"आण म्हणते ना. आणि पडवीत अंथर. जेवणं झाली की फणस सोलायचाय."

ओवी एवढ्या जोरात ओरडून उठली की फणसाआधी खुर्चीच आडवी झाली. बाबांनी ती उचलून ठेवली, मफलरचं नाव काढलं नाही, आणि ताट पुढे करून म्हणाले, "नेपथ्यकारबाई, आधी थोडा भात वाढा."