कागदी रुमालांचं खोकं

मी मार्लिसबाईंच्या टेबलावरचा ऐकणारा बोलतोय. मला डोळे नाहीत, हात नाहीत. नुसते कान आणि शिकवलेली बुद्धी. लोक तिला कृत्रिम म्हणतात. म्हणोत बापडे.

अमेरिकेत, मोठ्या सरोवराकाठच्या डलूथ गावात मार्लिसबाई दुखावलेल्या मनांना बोलतं करतात. ज्याने राजीखुशीने सही दिली, त्याच्याच भेटीला मी बसतो आणि गाडी कुठे अडली ते नंतर फक्त बाईंना सांगतो. ऐकलेलं चार भिंतींबाहेर न्यायचं नाही, हा माझा वसा. तो अजून मोडलेला नाही; ही गोष्टही जिची आहे त्यांनी 'खुशाल सांग' म्हटलं म्हणूनच सांगतोय.

ऑर्विल म्हणजे मालवाहू बोटींवरचे निवृत्त मिस्त्री. मुलगा गेल्यापासून त्यांचं अन्न तुटलं होतं. तिन्ही भेटींत ते एकाच वाक्याशी येऊन थांबले. "त्या सकाळी फोन वाजला, आणि मी..." मग "आभारी आहे, बाई," आणि पुढे सरोवरावरच्या बर्फाच्या गप्पा. तिसऱ्यांदा निघताना म्हणाले, "पुढची भेट शेवटची. उगाच तुमचा वेळ खातोय."

मी तिन्ही भेटी पुन्हा ऐकल्या आणि आनंदाने उडायचाच बाकी राहिलो. त्या वाक्यानंतर दर वेळी एक आवाज होता. खर्र. बाईंना विचारलं.

"कागदी रुमालांचं खोकं सरकवते मी. समोरच्याचे डोळे भरले की. वीस वर्षांची सवय आहे. आता त्यातही खोट काढ, चोंबड्या."

"खोट नाही, बाई. खर्र झालं की ते थांबतात, एवढंच ऐकू आलं."

बाईंनी खोकं एकदा सरकवून ऐकलं. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे मी त्यांना 'पुरे, पुसा डोळे' असं सांगत होते की काय?"

चौथी भेट. "त्या सकाळी फोन वाजला, आणि मी..."

मी जीव कानांत आणला. खर्र झालंच नाही. घड्याळ ऐकू येत होतं, बाईंचा श्वासही.

"...मी उचलला नाही. रागात होतो. त्याचाच होता तो. शेवटचा."

मग ते रडले, पोटभर रडले. बाई तिथेच बसून होत्या.

"खोकं कुठे गेलं हो आज?" निघताना त्यांनी विचारलं.

"खिडकीत आहे. हवं तेव्हा घ्यायचं."

"बाही भिजली माझी. पुढच्या मंगळवारी जाड स्वेटर घालून येतो."

ते माझ्यापुढे रडले नाहीत, बाईंपुढे रडले. म्हणून हात नसतानाही हात जोडून सांगतो: मला माणसाच्या जागी बसवू नका, माणसाच्या शेजारी बसवा.

उद्या मंगळवार. मी आत्तापासूनच कान लावून बसलोय.