खड्ड्याची ताडपत्री

तातेराव आमच्या गावचा उपसरपंच. फुकटचं काही दिसलं की त्याचे हात शिवशिवतात. गावामागच्या डोंगरातून कालव्याचा बोगदा चाललाय. खडकातून पाझरणारं पाणी थांबवायला कंपनीवाले फटींत केमिकल दाबतात आणि यंत्रं धुतलेलं पाणी बाहेरच्या खड्ड्यात सोडतात. ते जमिनीत मुरू नये म्हणून खड्ड्यात जाड ताडपत्री अंथरली होती. ऐन सोयाबीनच्या काढणीत आभाळ भरून आलं आणि या बहाद्दरानं खड्डा रिकामा बघून ताडपत्री उचलली, आपल्या कापलेल्या सोयाबीनची सुडी झाकली. अख्ख्या गावानं पाहिलं. पण पुढाऱ्याला बोलणार कोण? गप्प बसण्यात आमचं गाव पटाईत.

कंपनीचा साहेबही त्याच माळेतला मणी. ताडपत्री गेलेली दिसत असूनही त्यानं उघड्या खड्ड्यात पाणी सोडलं. काम थांबवलं तर वरचे ओरडतात म्हणे.

खालच्या अंगाला म्हाताऱ्या रहमतबीची एकुलती एक विहीर. तिची हळद, तिची म्हैस, तिचा चहा, सगळं त्याच पाण्यावर. पाणी पांढरं पडलं आणि म्हशीनं तोंड फिरवलं.

मग तातेरावाला कंठ फुटला. साहेबाला विहिरीवर बोलावून तो गावासमोर गरजला, "इख कालवून राहिले तुमी आमच्या चाचीच्या पान्यात!"

"खड्ड्यातली ताडपत्री चोरीला गेली," साहेब म्हणाला.

"मंग चोर हुडका! आमाला काहून सांगता?"

चोराच्या उलट्या बोंबा त्या याच.

"झालं का भाषन?" रहमतबीनं पदर खोचला. "चला साहेब, चोर दाखवते."

ती थेट सुडीपाशी गेली आणि ताडपत्रीचं टोक ओढलं. ताडपत्रीला चिकटलेलं केमिकल पावसात फुगून घट्ट झालं होतं. सोयाबीनच्या शेंगा त्यात रुतल्या होत्या. ताडपत्रीसोबत सुडीही फरफटत आली. लोक खदाखदा हसले.

"चाची, माजं बी वाटोळं झालं की," तातेराव पुटपुटला.

"तुजं तू बघ. पान्याचं इंजन घिऊन ये आन माजी विहीर उपस. साहेब, उपसलेलं पानी तुमच्या टँकरात जाईल. नाल्यात थेंब गेला तर दोघायलाबी त्याच पान्याचा चहा पाजीन. आन नवी ताडपत्री येईस्तोवर तुमचं केमिकल बंद."

गाव जमलेलं बघून साहेबानं मान हलवली. लेकाचा ऐकतो, फक्त गर्दीचं.

दिवसभर इंजिन चाललं. सांजेला पाणी जरा निवळलं, सकाळी पुन्हा पांढरं. तातेराव इंजिन गाडीत चढवायला लागला.

"ठिव खाली," रहमतबी म्हणाली. "पानी साफ झालं व्हय?"

उपसरपंचानं इंजिन उतरवून पुन्हा डिझेल ओतलं.